सखाहरीने मशीनचा पट्टा बदलला

घोडेमाळ नावाच्या गावात सखाहरी म्हणून एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे किती भोळा? कुणी म्हणालं, "सखाहरी, जरा दम धर," की हा नाक दाबून उभा राहायचा. डोळे बाहेर यायला लागले की समोरचाच घाबरायचा. डॉक्टरांनी एकदा सांगितलं, "ही गोळी जेवणावर घ्या." याने भाकरी वाढून घेतली, भाकरीवर गोळी ठेवली, आणि डॉक्टरांकडे निरोप पाठवला, "जेवणावर घेतली. आता खायची कधी?"

मनाने मात्र सोनं. सांगितलेलं काम त्याने आयुष्यात टाळलं नाही. त्रास एवढाच, की सांगितलेलंच करायचा.

गावाबाहेर हमरस्त्याला दौलतआबांचं लॉन्स होतं. लोकांच्या लग्नांना भाड्याने द्यायचं मोठं हिरवंगार मैदान. सखाहरी तिथे गवत कापायचा. त्यासाठी आबांनी एक बुटका ट्रॅक्टर आणला होता. त्याच्या पोटाखाली लोखंडी ताट, ताटाखाली पाती, ताटावर पुल्या, आणि त्या पुल्यांना वेढा घालून एक काळा रबरी पट्टा. इंजिन पट्टा फिरवायचं, पट्टा पुल्या फिरवायचा, पुल्या पाती फिरवायच्या, आणि वर सखाहरी राजासारखा बसून सगळीकडे फिरायचा. त्या बैठकीवर त्याचा फार जीव. गावात बाकी कुठे त्याला कुणी 'बस' म्हणत नसे.

बायको हौसा त्याला रोज सांगायची, "दुसरं काही करू नका. कुणी काही शिकवलं, की गाठ मारून ठेवा. आणि वेळ आली की वापरा. शिकलेलं वाया जाऊ देऊ नका."

सखाहरीच्या खांद्यावर नेहमी एक गमछा असायचा. तो त्याला गाठ मारायचा.

तर झालं असं. आबांच्या धाकट्या मुलीचं, वृषालीचं लग्न ठरलं. लग्न अर्थात आबांच्याच लॉन्सवर. आदल्या दिवशी सकाळी सखाहरी गवत कापायला निघाला. मैदान अर्धं झालं, आणि पोटाखालून 'चीं' आवाज आला, रबर जळल्याचा वास आला, पाती थांबली. अर्धं मैदान न्हाव्याकडून आल्यासारखं, अर्धं न्हाव्याकडे निघाल्यासारखं.

आबांनी कपाळाला हात लावला. "जगाची लग्नं मी लावतो, आणि माझ्याच पोरीच्या लग्नात हे जंगल! सखाहरी, उद्या दुपारपर्यंत मशीन फिरलं नाही, तर परत त्या बैठकीवर बसायचं नाव काढू नकोस."

 सखाहरी धावत कादर मिस्त्रींकडे गेला. मिस्त्री आले, पण उजवा हात गळ्यात अडकवून. स्कूटरवरून पडले होते. त्यांनी आंब्याखाली खुर्ची टाकली, पाय पसरले आणि म्हणाले, "हे बघ. डोकं माझं, हात तुझे. मी सांगतो तेवढं कर."

"तेवढंच करतो," सखाहरी म्हणाला.

"पहिलं काम. पट्टा काढ."

सखाहरीने इकडे तिकडे पाहिलं. त्याच्या माहितीप्रमाणे लॉन्सवर पट्टा एकच होता. सुलतानच्या गळ्यात. सुलतान म्हणजे आबांचा कुत्रा. पाहुणे येणार म्हणून त्याला सकाळपासून बांधून घातला होता. सखाहरी गेला आणि त्याने पट्टा काढला.

तिकडे मांडवात नवरीची हळद चालली होती. सुलतान सरळ तिकडे गेला. वाटीभर हळद पाटावर होती, घमेलंभर पाटाखाली. सुलतान घमेल्यात शिरला. मग बाहेर आला आणि त्याने अंग झाडलं. ज्यांना हळद लावायची राहिली होती, त्यांनाही लागली. ज्यांना लावायची नव्हती, त्यांनाही लागली.

सखाहरी पट्टा घेऊन मिस्त्रींसमोर उभा राहिला. "काढला."

"अरे, मशीनचा!" मिस्त्री ओरडले. "आणि तोसुद्धा असा हिसडून काढायचा नाही. ऐक नीट. आधी बघायचं, पट्टा कुठून येतो, कुठे जातो. खडूने बाण काढायचे. पुढची बाजू कुठली, मागची कुठली, लिहायचं. खुणा केल्याशिवाय काहीही सोडायचं नाही. कळलं?"

"कळलं," सखाहरी म्हणाला आणि त्याने गमछ्याला एक गाठ मारली.

आणि खरं सांगायचं तर पट्टा त्याने झकास सोडला. ताटावर सगळीकडे बाण. पुल्यांवर बाण. चुकण्याची सोयच नाही. मिस्त्री खूश झाले.

तेवढ्यात आबांच्या बायकोने, गोदाकाकूंनी हाक मारली. "सखाहरी, गुरुजींचं आटोपलंय. तेवढं त्यांना स्टँडवर सोडून ये."

सोडून ये! सखाहरीने खिशातला खडू काढला.

गुरुजी वाकून चप्पल शोधत होते. त्यांच्या पाठीवर सखाहरीने मानेपासून कंबरेपर्यंत एक ठळक बाण काढला. मग उजव्या खांद्यावर एक, डाव्या खांद्यावर एक. टकलावर बारीक अक्षरात लिहिलं, 'पुढची बाजू'. गुरुजींना वाटलं, माणूस भाविक आहे, पाया पडण्याऐवजी पाठीवरून हात फिरवतोय. मग त्याने त्यांना गाडीवर मागे बसवलं आणि स्टँडवर नेऊन सोडलं.

स्टँडवर गंमतच झाली. एका म्हाताऱ्याने गुरुजींच्या खांद्यावरचा बाण बघितला आणि तो त्या दिशेने चालायला लागला. त्याच्या मागे त्याची म्हातारी. त्यांना जाताना बघून सगळी रांग. गुरुजी मागे वळले, तर बाणही वळला. रांगही वळली. नगरच्या गाडीची माणसं सिन्नरच्या गाडीत जाऊन बसली. गुरुजींना काही कळेना. शेवटी पानवाल्याने आरसा दाखवला.

त्यांचा आबांना फोन आला. आबा तरातरा आले. "अरे, वडीलधाऱ्या माणसाशी असं वागतात का? म्हातारं माणूस दिसलं की आधी वाकून नमस्कार करावा. तब्येतीची चौकशी करावी. दोन शब्द गोड बोलावेत. आणि मग हळूच कामाचं काढावं. ही रीत आहे!"

"चुकलं आबा," सखाहरी म्हणाला. खरंच वाईट वाटलं त्याला. त्याने गाठ मारली. जरा जास्तच घट्ट.

तो मशीनकडे परत आला. मिस्त्रींनी ताटावरच्या मधल्या पुलीकडे बोट दाखवलं. "आता ही काढायची. तिच्या डोक्यावरचा बोल्ट बघ. सगळ्या मशीनमध्ये हाच म्हातारा. बसवल्यापासून जागचा हललेला नाही. त्याला काढ." एवढं सांगून मिस्त्रींनी डोळे मिटले. दुपारची वेळ होती, हळदीचं जेवण अंगावर आलं होतं.

सखाहरीने चपला काढल्या. बोल्टापुढे वाकून नमस्कार केला.

"नमस्कार. तब्येत काय म्हणतेय?"

बोल्ट काही बोलला नाही.

"जरा गंज चढलेला दिसतोय. वय झालं की व्हायचंच. आमच्या आज्याचेही गुडघे असेच धरले होते. तुमची मात्र कमाल आहे हां. एवढे पट्टे आले नि गेले, तुम्ही जागा सोडली नाही." तो थोडा थांबला. मग हळूच म्हणाला, "एक काम होतं. घाई नाही. तुमचं आवरलं की बाहेर या."

आणि मांडी घालून वाट बघत बसला.

मिस्त्रींना जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. सखाहरी बोल्टाला वारा घालत होता.

"काय करतोस?"

"येतील आता. लाजतायत."

मिस्त्रींचा चांगला हात कपाळावर जाऊन बसला. मग ते शांतपणे म्हणाले, "सखाहरी. गंजून हटून बसलेला कुणीही गोड बोलून हलत नाही. त्याच्या सांध्यात तेल सोडायचं. रात्रभर मुरू द्यायचं, घाईच असेल तर थोडा वेळ तरी द्यायचा. आणि मग हातोडीने हळूच एक टिचकी मारायची. आपोआप सुटतो."

सखाहरीने गाठ मारली. तेल सोडलं. रात्रभर मुरू दिलं. सकाळी टिचकी मारली. बोल्ट 'कुर्र' म्हणाला आणि सुटला. सखाहरीला इतका आनंद झाला की तेलाची बुधली आणि हातोडी घेऊनच तो चहा प्यायला आबांच्या घराकडे गेला.

घरात वेगळंच चाललं होतं. आबांची बहीण सोनाआत्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. आहेराची साडी त्यांना न विचारता आणली, म्हणून. आत जाणारा आत जाईना, बाहेर येणारा बाहेर येईना. चहाची किटली आतच अडकलेली.

गोदाकाकू घायकुतीला आल्या होत्या. "काय सांगू सखाहरी! दोन तास झाले, आत्याबाई हटून बसल्यात. गोड बोलून झालं, पाया पडून झालं. जागच्या हलत नाहीत."

"गोड बोलून नाहीच हलायच्या," सखाहरी म्हणाला.

त्याने आत्याबाईंच्या उजव्या गुडघ्यावर तेलाचे थेंब सोडले. मग डाव्या गुडघ्यावर. मग दोन्ही कोपरांवर. आत्याबाईंना वाटलं, चला, कुणीतरी आपली सेवा करतंय. त्या जराशा हसल्या सुद्धा.

"हे कशासाठी रे?"

"मुरू द्या," सखाहरी म्हणाला. तो समोर उकिडवा बसला. थोडा वेळ गेला. मग त्याने पाठीमागून हातोडी काढली. "आता हळूच एक टिचकी."

सोनाआत्या सुटल्या. दारातून सुटल्या त्या अंगणात, अंगणातून लॉन्सवर, आणि थेट मांडवातल्या पहिल्या खुर्चीत जाऊन बसल्या. त्यानंतर त्यांनी साडीचं नावसुद्धा काढलं नाही. गोदाकाकू सखाहरीला रागावायला निघाल्या होत्या. पण इतक्या वर्षांत आत्या इतक्या लवकर कधी हलल्या नव्हत्या. काकूंनी त्याला आधी चहा दिला.

परत मशीन. बाकीचे बोल्ट लगेच सुटले आणि तीन पुल्या सुट्या झाल्या.

"कुठली चांगली, कुठली गेली, बघ," मिस्त्री म्हणाले.

सखाहरीने बघितलं. बराच वेळ बघितलं. "सगळ्या दिसायला चांगल्या आहेत."

"दिसण्यावर जाऊ नकोस. हातात धर आणि गरकन फिरव. गपचूप फिरली, तर चांगली. आवाज केला, की समज आतलं बेअरिंग गेलं. ती उचलायची आणि पत्र्याच्या खोलीत टाकायची."

गाठ. सखाहरीने पुल्या फिरवल्या. दोन गप राहिल्या, एक कुरकुरली. तिला त्याने पत्र्याच्या खोलीत टाकलं. तिच्या जागी मिस्त्रींनी पोत्यातली दुसरी दिली. काम जोरात चाललं होतं.

इतक्यात दौलतआबा घाईघाईने जाताना ओरडले, "सखाहरी, बँडवाले आलेत. सगळे धड आहेत का, एकदा बघून घे रे! मागच्या लग्नात दोघं बिघडलेले निघाले होते."

सखाहरी गेला. बँडवाले लाल कोट घालून सावलीत उभे होते. दिसायला सगळे चांगले होते. पण दिसण्यावर जायचं नव्हतं. त्याने पहिल्या तुतारीवाल्याचे खांदे धरले आणि गरकन फिरवला.

"अरे अरे अरे!" तुतारीवाला म्हणाला.

"गेला," सखाहरी म्हणाला आणि त्याला पत्र्याच्या खोलीत टाकला.

ढोलवाला त्याहून मोठ्याने ओरडला. तोही आत. झांजवाला फिरता फिरता स्वतःही वाजला आणि झांजाही वाजल्या. तो आत. खुळखुळेवाल्याला तर फिरवायची गरजच पडली नाही, तो हलला तरी आवाज येत होता. एकटा सनईवाला गपचूप फिरला. त्याच्या तोंडात पान होतं. सखाहरीने त्याची पाठ थोपटली आणि बाकीच्यांवर कडी लावली.

थोड्या वेळाने आबा बघतात तो सनईवाला एकटाच झाडाखाली उभा, आणि पत्र्याची खोली आतून वाजतेय.

"हे काय?"

"सगळे गेलेले आहेत, आबा. एकच चांगला निघाला."

आबांनी स्वतः कडी काढली. बँडवाल्यांची समजूत घालता घालता त्यांचा घसा बसला, म्हणून सखाहरी त्या वेळी शिव्यांतून वाचला.

आता राहिला फक्त पट्टा. मिस्त्रींनी जुना पट्टा बोटांनी वाकवून बघितला. त्याला भेगा पडल्या होत्या, कडा झिजल्या होत्या. "हा संपला. बाजारात जा आणि नवा घेऊन ये. पळ!"

सखाहरी पळत गेला, पळत आला. त्याच्या हातात चामड्याचा पट्टा होता. चकचकीत बक्कल असलेला.

"हा कुठून आणलास?"

"कपड्याच्या दुकानातून. दुकानदार म्हणाला, हाच घ्या, हा कुणालाही बसतो."

मिस्त्री खुर्चीवरून उठले. सकाळपासून ते उठले नव्हते. "सखाहरी, माझ्या बाबा, आता शेवटचं सांगतो. नवा आणायला जाताना जुना सोबत न्यायचा. नव्याच्या शेजारी जुना धरायचा. लांबी जुळली, रुंदी जुळली, तरच आणायचा. देणारे गोड बोलतात, 'हाच तुमचा' म्हणतात. ऐकायचं नाही! जुळला नाही, तर सरळ परत पाठवायचा. आणि नाहीच मिळाला, तरी घाबरायचं नाही. आजच्या दिवसापुरता जुनाच चढवायचा. आलं लक्षात?"

सखाहरीने गमछा पाहिला. गाठी मारून मारून तो आखूड झाला होता. उरलेल्या टोकाला त्याने ही शेवटची गाठ मारली.

या वेळी तो जुना पट्टा गळ्यात घालून गेला, मशीनच्या सामानाच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, "हाच तुमचा." शेजारी धरला, बोटभर लांब निघाला. परत. दुसरा दाखवला, तो रुंद. परत. दुकानदार घामाघूम झाला. शेवटी एक पट्टा असा निघाला की जुन्यावर ठेवला तर खालचा दिसेना. सखाहरी तो घेऊन आला, बाणांप्रमाणे पुल्यांवरून फिरवला, शेवटच्या पुलीवर हलकेच चढवला. मिस्त्री म्हणाले, "मार चावी."

मशीन धडधडलं. पट्टा फिरला. पुल्या गपचूप फिरल्या. पाती फिरली. सखाहरी बैठकीवर चढला आणि त्याने उरलेलं अर्धं मैदान असं कापलं, जसा हिरवा गालिचा. लग्नघरातल्या बायका बघायला जमल्या. हौसाही आली. तिने पदराने डोळे पुसले.

दौलतआबांनी मैदानावरून नजर फिरवली आणि सखाहरीच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! कोण म्हणतं तुला समजत नाही? आज एक मानाचं काम तुलाच देतो. नवा जावई फाट्यावर येतोय. इथे रस्त्याला चार लॉन्स आहेत, त्यांना आपलं सापडायचं नाही. जीप घे. हा फेटा, हे बाशिंग, हा हार घे. नव्या जावयाला वाजतगाजत घेऊन ये."

सखाहरीची छाती फुगली. नवा आणायचा होता. आणि नवा कसा आणायचा हे आता त्याच्याइतकं चांगलं कुणालाच माहीत नव्हतं. तो जुना शोधायला गेला.

जुने जावई, म्हणजे थोरल्या शैलजाचे नवरे मुरलीधरराव, मांडवाच्या कोपऱ्यात बसले होते. बुटके आणि गोलमटोल. कालपासून त्यांना कुणी विचारलं नव्हतं. चहासुद्धा त्यांना मागून घ्यावा लागला होता, आणि नवा जावई तर त्यांना अजून कुणी दाखवलाही नव्हता.

"दाजी, चला," सखाहरी म्हणाला. "तुमच्याशिवाय काम व्हायचं नाही."

मुरलीधररावांचा चेहरा खुलला. "बघ, शेवटी आठवण झाली का नाही!" ते जीपमध्ये पुढे बसले. मागे बँडवाले चढले, सखाहरीपासून जमेल तेवढे लांब.

फाट्यावर फुलांनी सजवलेली गाडी उभीच होती. सखाहरीने नवऱ्याला खाली उतरायला सांगितलं. नवरा उतरला. उतरतच राहिला. उसासारखा उंच आणि उसासारखाच बारीक.

"दाजी, जरा यांच्या शेजारी उभे राहा."

मुरलीधरराव उभे राहिले. सखाहरीने एक डोळा मिटून बघितलं. लांबीत नवरा दोन वीत जास्त. रुंदीत निम्मासुद्धा नाही. दोघांना पाठीला पाठ लावून बघितलं. तरी तेच.

"नाही जमत," सखाहरी म्हणाला. "हा आमचा नाही."

नवऱ्याचा मामा पुढे आला. "अहो, नाही कसा? हाच तुमचा!"

सखाहरी हसला. "देणारे असंच म्हणतात. माप जुळत नाही. परत न्या."

मामाने आणि बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मामा म्हणाला, "हा दुसऱ्या कुठल्यातरी लग्नाचा माणूस दिसतोय. त्यांचा नवरा बुटका असेल. चला रे, आपलं लॉन्स पुढे असणार." गाडी पुढे निघून गेली.

सखाहरी तिथेच थांबला. लग्नाचे दिवस होते, रस्त्याने आणखी नवरे जात होते. त्याने एक घोड्यावरचा थांबवून मापून पाहिला, एक ट्रॅक्टरवरचा मापून पाहिला. मुरलीधररावांच्या मापाचा एकही निघेना. इकडे मुहूर्त जवळ आला.

पण घाबरायचं नव्हतं. सखाहरीने फेटा काढला आणि मुरलीधररावांना बांधला. कपाळाला बाशिंग बांधलं. फुलांच्या सरी खाली हनुवटीपर्यंत आल्या. गळ्यात हार घातला. मुरलीधरराव गहिवरले. त्यांना वाटलं, धाकटा यायच्या आधी थोरल्याला मान द्यायची सासऱ्यांची पद्धत दिसते. स्वतःच्या लग्नातही त्यांचं एवढं झालं नव्हतं.

बँड वाजला. जीप लॉन्सवर आली. "नवरा आला, नवरा आला!" म्हणत पोरंबाळं धावली. मुहूर्ताला फार वेळ नव्हता, गुरुजी घाई करत होते, आबा पाहुण्यांत अडकले होते. सगळ्यांनी मिळून मुरलीधररावांना उचललं आणि बोहल्यावर नेऊन उभं केलं. अंतरपाट धरला. पलीकडे वृषाली. मंगलाष्टकं झाली. अक्षतांचा पाऊस पडला. गुरुजी शेवटचं 'सावधान' म्हणाले आणि अंतरपाट बाजूला झाला.

वृषालीने हार उचलला आणि वर पाहिलं. वर कुणीच नव्हतं. मग तिने खाली पाहिलं. बाशिंगाच्या सरी बाजूला केल्या.

"दाजी?"

"काय गं?" मुरलीधरराव प्रेमाने म्हणाले.

पहिल्या रांगेतून शैलजा किंचाळली, "अहो! तिथे काय करताय तुम्ही?" वृषालीच्या हातातला हार खाली पडला. बँड थांबला. सोनाआत्या खुर्चीवर उभ्या राहिल्या. दौलतआबा गर्दीतून वाट काढत बोहल्यापाशी पोहोचले, आणि बसलेल्या घशाने जमेल तेवढे ओरडले.

"सखाहरी! नवा जावई कुठाय?"

सखाहरी पुढे आला. त्याने आधी वाकून आबांना नमस्कार केला. मग शांतपणे म्हणाला,

"आबा, नवा आला होता. जुन्याच्या शेजारी धरून पाहिला. फार लांब निघाला, आणि रुंदीत काहीच नाही. परत पाठवला. पण तुम्ही काळजी करू नका. आजच्या दिवसापुरता जुनाच चढवलाय."